बोअरच्या पाण्यातला थवा

हैदराबादहून आलेली ट्रॅव्हल्स नांदेडात थांबते तेव्हा नीट उजाडलेलंही नसतं. डिकीतून आधी प्रवाशांच्या बॅगा निघतात, मग कपड्यांचे गठ्ठे, मोटारसायकलचे सुटे भाग आणि शेवटी चिकटपट्टीनं गुंडाळलेली थर्माकोलची पेटी. ही आडवी करायची नाही, हे क्लीनरला पाठ असतं. दुकानात नेऊन झाकण काढलं की आत फुगलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या दिसतात: एक हिस्सा पाणी, दोन हिस्से ऑक्सिजन आणि त्या तांब्याभर पाण्यात दाटीवाटीनं बसलेले बोटाच्या पेराएवढे मासे. प्रवासाआधी त्यांना उपाशी ठेवलेलं असतं. खाल्लं की घाण होणार, आणि एवढ्याशा पाण्यात घाण म्हणजे विष.

दुकानदार पिशव्या न उघडता टाकीत तरंगत ठेवतो, आतलं-बाहेरचं तापमान एक होईपर्यंत. मग पिशवी उघडून थोडं थोडं टाकीतलं पाणी आत सोडतो, आणि शेवटी मासे जाळीनं उचलून टाकीत टाकतो. पिशवीतलं पाणी बाहेर नालीत. ते टाकीत का नाही ओतायचं, असं विचारलं तर उत्तर एका वाक्यात येतं, ‘‘ते पाणी वाईट राहते सर.’’ या एका वाक्यात रसायनशास्त्राचा आख्खा धडा आहे. बंद पिशवीत माशांच्या श्वासानं कार्बन डायऑक्साइड साठतो, पाणी आम्लाकडं झुकतं आणि साठलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडून जातो, पाणी पुन्हा अल्कधर्मी होऊ लागतं आणि तोच अमोनिया विषारी होऊन माशांचे कल्ले जाळू लागतो. मराठवाड्यातलं पाणी मुळातच अल्कधर्मी. त्यामुळं पुण्या-मुंबईत जी चूक पचून जाते, ती इथं पचत नाही.

‘घरातली माणसांखेरीजची मंडळी’ असा विषय संपादकांनी दिला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा कुत्री, मांजरं, पोपट असावेत. मी मासे निवडले. मोठे, दिमाखदार, वास्तूसाठी आणलेले अरोवाना किंवा कपाळाला टेंगूळ आलेले फ्लॉवरहॉर्न नव्हेत, तर हिरव्या वनस्पतींच्या टाकीत थव्यानं फिरणारे, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेले बारके मासे. जिथं नळाला पाणी कधी येईल याचा हिशेब कॅलेंडरवर मांडावा लागतो, तिथं लोक ते कसे सांभाळतात, हे पाहायला नांदेड आणि लातूरला गेलो.

निळ्या रेघेचा मोह

गिऱ्हाईक दुकानात येतं ते मोबाइल पुढं करूनच. पडद्यावर एक स्वप्नवत टाकी असते: मखमलीसारखा हिरवा तळ, वाकडं लाकूड, काळे दगड आणि मधून सरकणारी निळी-लाल रेघ. ‘‘असं पाहिजे.’’ ती रेघ म्हणजे निऑन टेट्रा, नाहीतर त्याचा थोडा मोठा भाऊ कार्डिनल टेट्रा. आणि त्या प्रकारच्या टाकीचा जनक म्हणजे ताकाशी अमानो हा जपानी छायाचित्रकार. 1982 साली त्यानं आपली कंपनी काढली आणि मत्स्यालय म्हणजे खेळण्यातला किल्ला आणि बुडबुडे सोडणारा पाणबुड्या ही कल्पना मोडीत काढली. त्याच्या टाकीत आधी वनस्पती, मग मासे. 2015 साली तो गेला. पण त्याच्या टाक्यांच्या नकला आज जगभर होतात, लातूरच्या गल्ल्यांतही होतात.

अडचण रेघेची नाही, पाण्याची आहे. निऑन टेट्रा मूळचा ॲमेझॉनच्या वरच्या अंगाच्या, जंगलातल्या सावलीच्या ओढ्यांतला. 1936 साली त्याचं शास्त्रीय बारसं झालं. कार्डिनल येतो रिओ निग्रोच्या खोऱ्यातून. ब्राझीलमधल्या बार्सेलोस या गावाचं अर्थकारण अनेक वर्षं याच माशावर चाललं. रिओ निग्रोचं पाणी चहाच्या रंगाचं, चांगलंच आम्लधर्मी आणि क्षारांच्या बाबतीत जवळजवळ पावसाच्या पाण्याइतकं कोरं असतं. आणि आपलं? मराठवाडा उभा आहे बेसॉल्टच्या थरांवर. त्या खडकाच्या भेगांत वर्षानुवर्षं मुरलेलं पाणी बोअरमधून वर येतं ते कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊनच. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, गिझरची कॉइल दरवर्षी बदलावी लागते, हे इथल्या कुठल्याही गृहिणीला सांगायला नको.

भारतीय मानकांनुसार पिण्याच्या पाण्यातले एकूण विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा सोयीस्कर स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेता येतात. आरओ दुरुस्त करणाऱ्या मुलाच्या खिशात पेनासारखं एक यंत्र असतं. लातूरच्या एका सोसायटीत त्यानं ते बोअरच्या पाण्यात बुडवलं तेव्हा आकडा हजाराच्या पुढं जाऊन थांबला. कुणालाही आश्चर्य वाटलं नाही.

आता दुकानात मिळणारे निऑन काही ॲमेझॉनमध्ये पकडलेले नसतात. ते आग्नेय आशियातल्या शेतांवर पिढ्यान् पिढ्या वाढवलेले असतात आणि थोडंफार जड पाणी सोसतात. तेव्हा बोअरच्या पाण्यात निऑन लगेच मरतोच असं नाही. पण जड पाणी, उन्हाळा, प्रवासाचा थकवा आणि नवीकोरी टाकी या चारही गोष्टी एकदम अंगावर आल्या की तो टिकत नाही. मग दुकानात फोन येतो, ‘‘काका, सोडल्यापासून रोज दोन-दोन मरूलालेत.’’ दुकानदार औषधाची निळी बाटली विकतो. मासे औषधानं वाचत नाहीत, कारण रोग माशाला नसतोच, पाण्याला असतो.

महिनाभर रिकामी टाकी

मत्स्यालयाच्या धंद्यात सगळ्यात अवघड विक्री कोणती, तर ‘थांबा’ या शब्दाची. शनिवारी टाकी घेतली, रविवारी मासे सोडले, पुढच्या शनिवारी निम्मे गेले. हा क्रम इतका नेहमीचा आहे की काही घरांत मासे आपल्याला लाभत नाहीत अशी समजूतच होऊन बसते.

माशाच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. तेही विषच. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. ते बऱ्यापैकी निरुपद्रवी आणि वनस्पतींना खत. हे जिवाणू विकत आणून एका रात्रीत वसवता येत नाहीत. फिल्टरच्या स्पंजवर, वाळूच्या कणांवर त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकी स्वच्छ दिसते, पाणी नितळ असतं आणि मासे मरत असतात. त्यात आपलं अल्कधर्मी पाणी: अमोनिया तेवढाच असला तरी पाणी जितकं अल्कधर्मी आणि गरम, तितका त्यातला विषारी हिस्सा जास्त.

यावर नांदेडच्या एका दुकानात पाहिलेला उपाय मला फार आवडला. नव्या गिऱ्हाइकाला दुकानदार आपल्या जुन्या टाकीतला मळका स्पंज त्याच टाकीच्या पाण्यात पिळून एका पिशवीत देतो. ते गढूळ पाणी बघून गिऱ्हाईक नाक मुरडतं. पण दुकानातली सगळ्यात मोलाची वस्तू तीच असते, आणि ती फुकट मिळते. हाच स्पंज घरी नळाखाली चोळून चोळून धुतला तर नळातलं क्लोरिन त्या जिवाणूंचा निकाल लावतं. पुष्कळ घरी ‘स्वच्छता’ म्हणून नेमकं हेच केलं जातं. नगरपालिकेचं पाणी वापरायचं असेल तर ते बादलीत दिवसभर उघडं ठेवायचं, म्हणजे क्लोरिन उडून जातं. घाई असेल तर दुकानात अँटिक्लोरिनचे थेंब मिळतात. बोअरच्या पाण्याला एवढं एक सुख आहे की त्यात क्लोरिन नसतं.

काळी माती चालत नाही

वनस्पती लावायच्या तर माती हवी, आणि मराठवाड्याच्या माणसाला माती म्हटलं की काळीच आठवते. कापसाची, सोयाबीनची, भेगा पडणारी. ती टाकीत घालू नये. तिचे कण इतके बारीक असतात की पाणी आठवडाभर गढूळच राहतं. भिजली की फुगते, आणि तिच्यात चुनखडीचे पांढरे खडे असतात. ते हळूहळू विरघळून आधीच जड असलेलं पाणी आणखी जड करतात. त्यापेक्षा रोपवाटिकेतली लाल माती बरी. बीदरकडची जांभ्याची असेल तर उत्तम. ती चाळायची, बोटभर थर द्यायचा आणि वर दोन बोटं धुतलेली वाळू. डायना वॉल्स्टॅड या अमेरिकन बाईंनी 1999 साली या मातीच्या टाकीवर पुस्तक लिहिलं. महागडी उपकरणं, कार्बन डायऑक्साइडची नळकांडी, बाटलीतली खतं यांच्याशिवाय टाकी कशी चालते, हे त्यांनी वनस्पतीशास्त्राच्या आधारानं दाखवलं. खिशाला परवडणारी म्हणून ती पद्धत आपल्याकडच्या शौकिनांना जवळची वाटते.

वाळू निवडताना एक सोपी परीक्षा आहे. चिमूटभर वाळूवर लिंबू पिळायचं. बुडबुडे आले तर चुना आहे, परत द्यायची. दगडांचंही तसंच. आपला काळा पाषाण चालतो, पण त्याच्या पोकळ्यांत चमकणारे पांढरे स्फटिक भरलेले असतील तर त्यावरही लिंबू पिळून बघावं. अजिंठ्याच्या डोंगरातला असला म्हणून दगड टाकीत घालण्यालायक ठरत नाही.

आता वनस्पती. इथं मला मराठवाड्याच्या पाण्याची बाजू घ्यावीशी वाटते, कारण आजवर सगळ्यांनी त्याला शिव्याच दिल्यात. पाण्याखालच्या झाडाला कार्बन डायऑक्साइड हवा असतो आणि पाण्यात तो थोडाच असतो. म्हणून तर अमानोच्या अनुयायांना नळकांडी जोडावी लागतात. पण काही वनस्पती जड पाण्यातलं बायकार्बोनेट फोडून त्यातून कार्बन मिळवू शकतात. व्हॅलिस्नेरिया ही त्यातली पहिली. रिबिनीसारखी लांब, हिरवी पानं, जमिनीखालून धावणारे फुटवे. हायड्रिला आणि सिरॅटोफायलम या दुसऱ्या दोघी. तळ्याकाठच्या लोकांना त्या केवळ शेवाळ वाटतात, पण दुकानात त्यांचे पैसे पडतात. या वनस्पती जोरात वाढू लागल्या की पानांवर चुन्याची पांढुरकी पूड दिसते. नवशिके ती बुरशी समजून घाबरतात. खरं तर झाडानं पाण्यातला चुना बाहेर काढून ठेवल्याची ती खूण.

लातूरमधल्या एका घरात दोन फुटी टाकीत मी जे पाहिलं, त्याला नळकांडं नव्हतं. मागच्या काचेला लागून व्हॅलिस्नेरियाची दाट भिंत होती, पुढं नीरब्राह्मीचे तुरे. हो, तीच स्मरणशक्तीच्या तेलातली ब्राह्मी. तिला बाकोपा म्हणतात आणि जगभरच्या मत्स्यालयांत ती लावतात. एका कोपऱ्यात आंबुलीची मऊ पानं होती आणि लाकडाला दोऱ्यानं बांधलेला जावा फर्न. यातल्या निम्म्याहून अधिक वनस्पती आपल्याच देशातल्या ओढ्या-तळ्यांत उगवतात. दिवा सात तास, टायमरवर. खिडकीपासून टाकी लांब, कारण थेट ऊन आलं की काचेवर हिरवं किट्ट धरतं आणि मग घासणं हाच छंद होऊन बसतो.

त्या घरातल्या आजोबांनी सांगितलेलं एक सूत्र बऱ्याच पुस्तकांपेक्षा कामाचं वाटलं: झाडाला नवं पान येऊ लागलं की मासे आणायचे, आधी नाही. वाढणारी वनस्पती अमोनिया थेट शोषून घेते. तिचं नवं पान म्हणजे पाणी तयार झाल्याची पावती.

आठ असावेत

‘‘एक जोडी द्या.’’ दुकानात हमखास ऐकू येणारं हे वाक्य. लव्हबर्ड्स जोडीनं घ्यायची सवय माशांनाही लावली जाते. पण टेट्रा, डॅनिओ, रासबोरा, बार्ब हे थव्याचे मासे. जोडीनं ठेवले तर ते झाडांमागं लपून बसतात, रंग फिका पडतो. काही जण चिडके होतात आणि एकमेकांचे पर कुरतडतात. टायगर बार्ब तर या कामात पटाईत. त्याला संथ, लांब परांच्या एंजल माशाबरोबर ठेवणं म्हणजे एंजलच्या झालरी कातरायला देणं. सहा हा किमान आकडा, आठ-दहा असले तर वागणं खुलतं.

थवा कशासाठी? शिकारी समोर आला की एकट्या माशाला लक्ष्य करणं सोपं. चाळीस सारख्या दिसणाऱ्या, एकाच वेळी वळणाऱ्या माशांमधून एक निवडणं अवघड. वळतात कसे, याचं उत्तर डोळ्यांत आणि अंगावरच्या एका रेषेत आहे. माशाच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत संवेदनशील पेशींची रांग असते. शेजाऱ्यानं शेपूट हलवली की पाण्यात उठलेली लाट ती टिपते.

याहून विलक्षण गोष्ट कार्ल फॉन फ्रिश या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानं 1938 साली मांडली. मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावणारा आणि 1973 साली नोबेल मिळवणारा हाच तो. थव्यातल्या एका माशाची त्वचा जखमी झाली की तिच्यातून एक द्रव्य पाण्यात मिसळतं आणि त्याच्या वासासरशी बाकीचे सगळे घाबरून एकवटतात, तळाशी जातात. टेट्रा, बार्ब, डॅनिओ या सगळ्यांच्या कुळात ही व्यवस्था आहे. म्हणून जाळीनं ओरबाडून मासा पकडला की उरलेला थवा कितीतरी वेळ बिथरलेला राहतो. मासे चांगल्या दुकानातून घ्यावेत ते यासाठीही: पकडणारा हात हळू असला पाहिजे.

शांत टाकीत मात्र थवा कायम कवायत करत नसतो. चरताना सुटा सुटा होतो, एकमेकांवर नजर ठेवून. काचेवर कुणी टिचकी मारली की झटक्यात एक. घरी आलेली लहान मुलं हा प्रयोग पुन्हा पुन्हा करतात. त्यांना आवरावं.

मे महिना

नांदेडात मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो. बंद खोलीतल्या टाकीचं पाणी बत्तीस-तेहतीस अंशांवर सहज पोचतं. निऑनला वीस ते सव्वीस मानवतं. पण उष्णतेपेक्षा घातक ठरते ती ऑक्सिजनची टंचाई. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागं सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तीस अंशांना साडेसात. त्याच वेळी गरम पाण्यात माशाचं शरीर जास्त वेगानं चालतं, म्हणजे त्याची मागणी वाढते. वनस्पती दिवसा ऑक्सिजन देतात खऱ्या, पण रात्री त्याही तो घेतात. त्यामुळं कसोटीची वेळ पहाटेची, आणि नेमकी तेव्हाच वीज गेली तर सकाळी मासे पाण्याच्या वर तोंडं काढून गपागपा करताना दिसतात.

उपाय घरगुती आहेत. टाकीचं काचेचं झाकण काढून जाळी लावायची आणि पाण्यावर छोटा पंखा सोडायचा. मराठवाड्याची हवा उन्हाळ्यात इतकी कोरडी की बाष्पीभवनानंच पाणी दोन-तीन अंश उतरतं. कूलर ज्या तत्त्वावर चालतो तेच हे तत्त्व. मात्र त्यातून एक नवाच घोळ होतो. पाणी उडतं, क्षार मागं राहतात. उडालेलं पाणी रोज बोअरचंच भरत गेलं तर महिन्याभरात टाकीतलं पाणी बोअरपेक्षाही जड होतं. काचेवर पाण्याच्या पातळीशी जी पांढरी रेघ उमटते, ती त्याचीच. म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई जारच्या किंवा पावसाच्या साठवलेल्या पाण्यानं करावी. बोअरचं पाणी बदलण्याच्या दिवशी वापरावं. बॅटरीवर चालणारा छोटा हवापंप प्रत्येक दुकानात मिळतो. ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे त्यांनी टीव्हीआधी टाकीचा पंप त्यावर जोडावा.

पाण्याच्या गाडीचं शहर

लातूरमध्ये पाण्यावर बोलताना 2016 साल टाळता येत नाही. त्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटलं, पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली आणि 12 एप्रिलला मिरजेहून पहिली पाणीगाडी शहरात आली, दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन. पुढं वाघिणी पन्नास झाल्या. अशा शहरात काचेच्या पेटीत शोभेसाठी पाणी भरून ठेवायचं, हे शोभतं का? हा प्रश्न मी विचारण्याआधी लातूरकरच मला विचारत होते. एका निवृत्त शिक्षकांनी सांगितलं की त्या वर्षी त्यांनी टाकी रिकामी केली नाही, पण पाहुणे आले की तिच्यावर चादर टाकायचे. लाज वाटायची.

हिशेब मांडून पाहू. दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच टाकीत काठोकाठ साडेछप्पन्न लिटर पाणी मावतं. माती, दगड वजा जाता पन्नासच्या आत. केंद्राच्या जलजीवन मिशननं ग्रामीण भागात एका माणसाला एका दिवसासाठी 55 लिटरचा निकष धरला आहे. म्हणजे एका माणसाचं एका दिवसाचं पाणी टाकीत एकदा अडकतं. त्यानंतर आठवड्याला बादलीभर बदलावं लागतं, आणि दाट वनस्पती, मोजके मासे असतील तर त्याहून कमी. काढलेलं पाणी फेकायचं नसतं. त्यात नायट्रेट असतं. कुंड्यांना, तुळशीला, कढीपत्त्याला ते दिलं की झाडं तरारून येतात. वॉशिंग मशीन एका धुण्यात यापेक्षा जास्त पाणी गटारात सोडतं.

पाण्याची खरी उधळपट्टी दुसरीकडंच आहे. निऑनच्या हट्टापायी संपूर्ण टाकी आरओच्या पाण्यानं भरली जाते. घरगुती आरओ यंत्र एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर बाहेर टाकतं. म्हणजे पन्नास लिटरच्या टाकीसाठी शंभर-दीडशे लिटर मोरीत. लातूरसारख्या गावात हे मला पटत नाही. पाण्याला माशाजोगं करण्यापेक्षा पाण्याजोगा मासा निवडावा.

घरचेच पाहुणे

असा मासा आहे, आणि तो परदेशातून आणायचा नाही. फ्रान्सिस हॅमिल्टन या कंपनी सरकारच्या स्कॉटिश डॉक्टरनं गंगा आणि तिच्या उपनद्यांतल्या माशांवरचा आपला ग्रंथ 1822 साली प्रसिद्ध केला. त्यात कोसी नदीतल्या एका पट्टेदार चिमुकल्या माशाची नोंद आहे. तोच झेब्रा डॅनिओ. बंगालपासून दख्खनपर्यंत ओढ्यांत, भाताच्या खाचरांत तो राहतो. हिवाळ्यातलं थंडगार पाणी आणि उन्हाळ्यातलं अडतीस अंशांचं पाणी, दोन्ही तो निसर्गात सोसतो. जड पाण्याचं त्याला वावडं नाही. थवा असा की दिवसभर टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा. फक्त टाकी उंच नको, लांब हवी, आणि वर जाळी हवी, कारण गडी उडी मारतो.

दुकानात त्याची किंमत निऑनपेक्षा कमी, म्हणून मानही कमी. पण जगातल्या प्रयोगशाळांत त्याच्याइतका मान क्वचितच कुठल्या माशाला असेल. ओरेगन विद्यापीठातल्या जॉर्ज स्ट्रायसिंगरनं 1981 साली त्याचे क्लोन तयार केल्याचं जाहीर केलं, आणि तिथून हा मासा जीवशास्त्राचा लाडका झाला. त्याची अंडी पारदर्शक. हृदय धडधडताना बाहेरून दिसतं. 2013 साली त्याचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा माणसाच्या सुमारे 70 टक्के जनुकांना त्याच्यात जोड सापडली. हृदयाचा तुकडा कापला तरी तो भरून काढतो. पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेतही त्याच्या या भरून काढण्याच्या गुणावर काम चालतं.

घरी त्याची पैदास करणं हा तर शाळकरी मुलांचा खेळ व्हावा. मादी पहाटे उजेड पडताच अंडी विखुरते आणि मागं वळून तीच खाते. यावर तोडगा म्हणून तळाला काचेच्या गोट्या पसरायच्या. अंडी फटीत पडतात, आईबापांचं तोंड पोचत नाही. मग मोठे मासे काढून घ्यायचे. दोन-तीन दिवसांत पिल्लं निघतात, तीन महिन्यांत ती स्वतः अंडी घालण्याइतकी होतात. निऑनची अंडी जड पाण्यात रुजतच नाहीत. झेब्राची आपल्या घरच्या बोअरच्या पाण्यात रुजतात.

हॅमिल्टननंच नोंदलेला टिक्टो बार्ब हा दुसरा उमेदवार: चंदेरी, अंगावर दोन काळे ठिपके, आपल्या तळ्यांत-ओढ्यांत सापडणारा. रोझी बार्बही देखणा. नर माजावर आला की गुलाबी होतो. पण तो वाढतो मोठा आणि कोवळी पानं कुरतडतो, म्हणून दोन फुटी टाकीत मी तरी ठेवणार नाही. काचेसारखा पारदर्शक चंदा मासाही आपलाच. तो घेताना त्याच्या अंगावर जांभळा, पोपटी रंग दिसला तर हात आखडावा. तो रंग सुईनं टोचून घातलेला असतो.

गोदावरीचं खोरं माशांनी भरलेलं असताना दुकानातली पेटी मात्र हैदराबाद, चेन्नई, कोलकात्याहून येते. चेन्नईतलं कोळत्तूर शोभेच्या माशांच्या पैदाशीवर उभं आहे. लातूर जिल्ह्यातच, उदगीरला, मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचं. मत्स्यविज्ञानाच्या पदवीत शोभेच्या माशांचं संवर्धन हा अभ्यासाचा भाग असतो. 2020 सालापासूनच्या पंतप्रधान मत्स्यसंपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मत्स्यसंवर्धनासाठी तीन लाखांचा प्रकल्प धरला होता. सर्वसाधारण गटाला 40 टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के अनुदान. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात आणि मराठवाड्याच्या पाण्यात जन्मलेला मासा मराठवाड्याच्या दुकानात मिळू लागला, तर निळी बाटली विकायची वेळ दुकानदारावर फारशी येणार नाही.

नदीत सोडू नका

शेवटची गोष्ट दुकानदारांनीच आवर्जून लिहायला सांगितली. बदली झाली, परीक्षा आली, कंटाळा आला, की लोक मासे पिशवीत घालून गोदावरीच्या घाटावर नाहीतर जवळच्या तळ्यात सोडून येतात. पुण्य म्हणून. टाकीत काचा साफ करतो म्हणून घेतलेला सकर मासा असाच सुटला आणि देशातल्या कित्येक नद्या-तलावांत माजला. त्याच्या अंगावरचं काटेरी कवच कोळ्यांची जाळी फाडतं, आणि तो खायलाही कुणी घेत नाही. मलेरिया विभागानं डासांसाठी सोडलेला गप्पी आज गावोगावच्या हौदांत आहे, तोही सकरसारखा दक्षिण अमेरिकेतलाच. झेब्रा आपला असला तरी दुकानातला झेब्रा रोग घेऊन जाऊ शकतो. वनस्पतींचंही तेच: छाटलेल्या फांद्या ओढ्यात टाकू नयेत, उन्हात वाळवून कुंडीत घालाव्यात.

तेव्हा ज्यांना या दिवाळीनंतर टाकी घ्यायची आहे त्यांनी हिवाळ्यात सुरुवात करावी. झाडं लावून महिनाभर ती बिनमाशांची चालवावी, मग एकेक करून नव्हे तर एकाच जातीचे आठ मासे एकदम घ्यावेत, आणि नकोसे झाले तर दुकानात परत द्यावेत. बहुतेक दुकानदार ते फुकट का होईना, ठेवून घेतात.